अकरा नंबरचा बेड

त्या हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हजेरीच्या वहीत काय लिहिलं असेल ते असो, बाकी सगळ्यांसाठी ती लख्खमावशी. एकवीस वर्षं तिने तिथल्या फरश्या, बेड, खिडक्या आणि संडास घासले होते. एखादी खोली झाली की ती दारात उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लख्ख!" राउंडला निघालेले डॉक्टरसुद्धा दारातून विचारत, "मावशी, लख्ख का?" तिने मान हलवली की मगच आत पाऊल टाकत. त्या एका शब्दावर सगळ्यांचा भरवसा होता, आणि मावशीला त्याचा जरा तोराही होता. वॉर्डच्या मुख्य नर्स, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, तिला चिडवायच्या, "मावशी, तुमच्या घरात माशी तरी येते का हो?"

"येते की," मावशी म्हणायची. "पाय पुसून येते."

मग तो आजार आला.

आधी तो बातम्यांत होता, मग शेजारच्या शहरात, आणि एके दिवशी हॉस्पिटलसमोरच्या औषधाच्या दुकानाचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. दुकानदार हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, या आजाराच्या वॉर्डात होता. पंधरा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचा मावशीचा वॉर्ड रिकामा करून तिथे संशयितांचा वॉर्ड केला. ताप, खोकला, धाप आहे पण तपासणीचा रिपोर्ट यायचाय, अशी माणसं तिथे ठेवायची. रिपोर्टमध्ये आजार निघाला की वर तिसऱ्या मजल्यावर, नाही निघाला की खाली नेहमीच्या वॉर्डात. सोळा बेड. दिवसभर कुणीतरी उठून जातंय आणि कुणीतरी येऊन पडतंय. एक माणूस उठल्यापासून दुसरं पडेपर्यंत तो बेड मावशीचा.

साथीच्या सुरुवातीलाच सफाईच्या सगळ्या बायकांना मागच्या मोकळ्या जागेत लांब लांब उभं करून शिकवलं होतं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा, घाणीवर औषध चालत नाही. मग हायपो फासा. हायपो म्हणजे ब्लीचचं पाणी, रोज सकाळी मापाने ताजं करायचं. वरून खाली या. एका बेडचं फडकं दुसऱ्याला लावू नका. हायपोत संडासाचं ॲसिड चुकूनही घालू नका, वाफ छातीत जाईल. आणि फासलेली जागा दहा मिनिटं ओलीच राहिली पाहिजे. "तो जंतू पुसल्याने मरत नाही, ओलं राहिल्याने मरतो," शिकवणारी म्हणाली होती.

मावशीने हे सगळं डोक्यात पक्कं बसवलं. पण भीती बसली ती पोटात. आजवर तिने जिच्याशी कुस्ती केली ती घाण डोळ्यांना दिसायची, नाकाला कळायची. गेली की गेली. आता बेडचा कठडा आरशासारखा चमकायचा आणि त्या चमकीवरच मरण बसलेलं असू शकत होतं. बेडच्या डोक्याशी असलेली बेल, ऑक्सिजनची गोल चावी, लॉकरची मूठ, सलाईनचा दांडा, दिव्याचं बटण. जिथे जिथे माणसाचा हात जातो तिथे तिथे तिला अनोळखी बोटं दिसायला लागली. अंगभर चढवलेल्या संरक्षक किटच्या आत घामाने अंग भिजायचं, चष्म्यावर वाफ जमायची आणि त्या धुक्यातून ती एकेक जागा मनात मोजत जायची. एखादी राहिली असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून.

तिची नेहमीची जोडीदारीण दुसऱ्याच आठवड्यात तापाने आडवी झाली. तेव्हापासून त्या पाळीला मावशी एकटीच होती.

घरी तिचा नवरा होता. शिंपी माणूस, वीस वर्षांची शुगर. दुकान बंद पडल्यापासून मशीन घरात आणून बसला होता. दोनच खोल्या. मावशीने पहिल्याच दिवशी त्याला आतल्या खोलीत ढकललं, स्वतःचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं आणि मधल्या दाराच्या चौकटीत एक खुर्ची आडवी टाकली.

"अहो, ही खुर्ची म्हणजे सरहद्द. ओलांडायची नाही."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," तो म्हणाला, "आणि आता कुठे तुला सुटका सापडली होय?"

"थट्टा पुरे. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

त्यावर तो मशीनचं चाक फिरवायला लागला. कामावरून आल्यावर ती दाराबाहेरच कपडे बादलीत टाकायची, न्हायची, आणि तरीही घरातल्या कशालाही हात लावताना तिचा हात क्षणभर हवेत थांबायचा. एकदा त्याने विचारलं, "नोकरी सोडून दे ना." ती म्हणाली, "सोडली तर तो बेड कोण पुसेल? आणि कसा पुसेल?" खरं तर तिला पळून जायचं होतं.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी अकरा नंबरच्या बेडवरच्या माणसाचा रिपोर्ट आला. आजार निघाला. त्याला वर नेलं. मावशीने चादरी पिशवीत बांधल्या, गादीचं रेक्झिन साबणाने धुतलं, कठडे, लॉकर, बेल, चावी, सगळ्यावर हायपो फासला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

दहा तेवीसला लिफ्टचं दार उघडलं आणि ट्रॉली आली. ट्रॉलीवर चाळिशीची एक बाई अर्धवट बसलेली होती, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ओठ जांभळे. मागून तिचा भाऊ ओरडत होता, "शाळेत शिकवते हो ती! लहानपणापासून दमा आहे! कुणीतरी बघा!" ट्रॉलीबरोबरचा ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला होता. वॉर्डात भिंतीतल्या ऑक्सिजनची रिकामी जागा एकच होती, अकरा नंबरची.

"मावशी, अकरा तयार?" मोठ्या सिस्टर टोकाकडून ओरडल्या. त्यांच्या हातात तेव्हा दुसऱ्याच कुणाची सलाईन होती.

मावशीने घड्याळाकडे बघितलं. मग त्या बाईकडे. बाईचे डोळे तिच्यावर खिळले होते. बुडणारं माणूस काठावरच्या माणसाकडे बघतं तसे.

"मावशी! लख्ख का?"

मावशीने फडकं उचललं, ओला बेड कोरडा केला, आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "लख्ख."

तीनच मिनिटं झाली होती.

बाईंना बेडवर घेतलं, मास्क लावला. अर्ध्या तासात ओठांचा रंग परतला. भाऊ भिंतीला टेकून रडला. मावशी बाजूच्या बेडचं तेच लॉकर पुन्हा पुन्हा पुसत होती. आता सांगावं, तिला वाटलं. सिस्टरना जाऊन सांगावं. पण सिस्टर धावत होत्या, तेवढ्यात चौदा नंबरला उलटी झाली, मग सहाचा रिपोर्ट आला. संध्याकाळपर्यंत सांगायची वेळ निघून गेली होती. आणि खरं बोलायचं तर तिला लाज वाटत होती. एकवीस वर्षांचा शब्द होता तो.

दोन दिवसांनी बाईंचा रिपोर्ट आला. आजार नव्हता, नुसता दमा उसळला होता. त्यांना खालच्या वॉर्डात हलवलं. त्या रात्री मावशीला गाढ झोप लागली. सुटले, असं तिला वाटलं.

सहाव्या दिवशी सकाळी ती हायपोचं माप बादलीत ओतत होती, तेव्हा खालच्या वॉर्डातली नर्स जिन्यात कुणाला तरी सांगत होती, "अगं, ती दम्याची शाळेची बाई. ताप आला. पुन्हा तपासलं तर आजार निघाला. वर नेलीये."

मावशीच्या हातातलं माप तिरकं झालं आणि हायपो फरशीवर सांडला. वास नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाने आलं हे तिचं तिलाच कळलं नाही. ती बादलीशेजारीच बसली. मीच दिला, तिच्या मनाने सांगितलं. माझ्या हाताने, माझ्या फडक्याने, माझ्या शब्दाने.

त्या दिवशी तिने काम कसं केलं ते तिला आठवत नाही. संध्याकाळी घरी आली तर आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला.

"अहो?"

"काही नाही गं. घसा जरा धरलाय." पण आवाज जड होता. तिने खुर्चीखालून थर्मामीटर सरकवला. शंभराच्या वर.

खुर्चीच्या अलीकडे ती, पलीकडे तो. मध्ये चार हात अंतर, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवायची सोय नाही. तिला वाटलं, हे आपल्याला मिळालेलं उत्तर आहे. तिकडे चोरी केली, इकडे वसुली झाली. असले विचार ती कधी करत नसे, पण भीती माणसाला कुठल्याही दारात नेऊन उभं करते.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली, आणि तिने त्याला मंगळवारचं सगळं सांगितलं.

तो भिंतीला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी शिंपी. उसवलंय तिथे जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला तपासणीच्या रांगेत सोडून ती थेट मोठ्या सिस्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली. सिस्टरांच्या नाकावर मास्कची जखम झाली होती. मावशीने उभ्या उभ्या सांगून टाकलं. तीन मिनिटं. खोटं लख्ख.

सिस्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. पेनाचं टोपण लावत राहिल्या.

"तुमच्या बेडमुळेच झालं का?" मावशीने न विचारलेल्याच प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. "मला माहीत नाही. इथे आजूबाजूला सगळी खोकणारी माणसं. खाली तिच्या शेजारणीला तिच्या आदल्या दिवशी ताप आला. कुणाकडून कुणाला गेलं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. नाही म्हणून तुम्हाला सोडवता येत नाही, आणि हो म्हणून अडकवताही येत नाही."

"सिस्टर, तिचा श्वास चालत नव्हता हो."

"मी बघितलं ना. घाई केलीत त्याचं मला काही नाही. पण दहा मिनिटांनी येऊन सांगितलं असतंत, तर तासाभरात तिला दुसऱ्या बेडवर घेतलं असतं, अकरा पुन्हा केला असता." त्या थांबल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि दुसरं ऐका. ट्रॉली बेडला खेटून लावायची, भिंतीतून लांब नळी जोडायची आणि तिला दहा मिनिटं ट्रॉलीवरच ऑक्सिजन द्यायचा. एवढंच करायचं होतं. बेडची गरजच नव्हती. लांब नळी कपाटात पडलेली होती, मावशी. मला त्या क्षणी सुचलं नाही. आज सुचतंय."

हे ऐकून मावशीचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. इतकं सोपं होतं, या विचाराने उलट छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं.

त्याच दिवशी सिस्टरांनी लांब नळ्या कपाटातून काढून प्रत्येक बेडच्या डोक्याशी टांगल्या. आणि मावशीने एक गोष्ट मागितली. "मला तोंडाने लख्ख म्हणायचं नाही आता. तोंड घाबरतं. काहीतरी दिसेल असं पाहिजे."

नवऱ्याचा रिपोर्ट यायला दोन दिवस होते. त्याच संध्याकाळी, ताप अंगात असतानाच त्याने पिशव्या शिवायचं लाल रेक्झिन कापून लांब पट्ट्या केल्या. दुसऱ्या कुणी हात लावण्याआधी मावशीने त्या हायपोत बुडवल्या आणि हॉस्पिटलात नेल्या. हायपो फासला की पट्टी कठड्याला बांधायची, दहा मिनिटं झाली की सोडायची. पट्टी आहे तोवर माणूस ट्रॉलीवर. पट्टी सोडायचा अधिकार जिने बांधली तिचाच, बाकी कुणाचा नाही, अगदी मोठ्या डॉक्टरांचाही नाही. असं सिस्टरांनी फळ्यावर लिहून टाकलं.

ते दोन दिवस मावशीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. पट्ट्या पोचवल्यावर तिला हॉस्पिटलातच एका रिकाम्या खोलीत राहायला सांगितलं होतं, तिचीही तपासणी झाली होती. ती नवऱ्याला फोन लावायची आणि तो उचलेपर्यंतच्या प्रत्येक घंटीला तिचा जीव वरखाली व्हायचा.

"जिवंत आहे," तो फोन उचलून म्हणायचा. "अजून तरी."

"असं बोलू नका."

"बरं. धडधाकट आहे. घसा सोडून."

तिसऱ्या दिवशी दोघांचेही रिपोर्ट आले. आजार नव्हता, दोघांनाही. त्याचा नुसता घसा होता, चार गोळ्यांत बरा झाला. मावशीने फोन कानाला धरून ठेवला. पलीकडून फक्त मशीनचं चाक फिरल्याचा आवाज येत राहिला.

मग तिने ते केलं जे करायला कुणी तयार होत नसे. तिसऱ्या मजल्यावरची पाळी मागून घेतली.

शाळेच्या बाई अतिदक्षता विभागात होत्या, तोंडावर मोठा मास्क, डोळे बहुतेक वेळ मिटलेले. मावशी त्यांचा कठडा पुसायची, बेल पुसायची, आणि यंत्रावरचे आकडे तिला वाचता येत असले तरी त्यांच्याकडे बघायचं टाळायची. तिसऱ्या दिवशी शेजारचा माणूस गेला. त्याचा बेड तिने पुसला, पट्टी बांधली, आणि वळून बघितलं तर बाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"आता... माझा नंबर?" मास्कमागून आवाज आला.

"नाही," मावशी म्हणाली. एवढा मोठा शब्द आपण कुठल्या आधारावर दिला हे तिला कळेना. ती पुढे म्हणाली, "मला माहीत नाही, बाई. पण मी रोज येते. उद्याही येणार आहे."

"सगळ्या सारख्याच दिसता... पांढऱ्या कपड्यांत."

"जिच्या अंगाला ब्लीचचा वास येतो, ती मी."

नऊ दिवस गेले. बाईंचा मोठा मास्क निघून साधी नळी आली, मग त्या उशीला टेकून बसायला लागल्या. ज्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला धरला, त्या दिवशी मावशीने बेडशेजारी उभं राहून सगळं सांगितलं. तीन मिनिटांचं. खोट्या शब्दाचं. सिस्टर काय म्हणाल्या तेही. स्वतःची बाजू राखली नाही आणि रडलीही नाही, कारण किटमध्ये रडलं तर डोळे पुसता येत नाहीत.

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशी बेल पुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती भीत भीतच आत शिरली. बाईंनी हाताने जवळ बोलावलं.

"कालपासून तुमच्यावर चिडायचा प्रयत्न करतेय," त्या म्हणाल्या. अजून दर चार शब्दांना श्वास घ्यावा लागत होता. "थोडी चिडलेही. पण मंगळवार आठवला. तेव्हा मला... फक्त हवा पाहिजे होती. तुम्ही दहा मिनिटं अडवलं असतंत ना... तर चावले असते तुम्हाला."

मावशीला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची भीती वाटली.

"माफ केलं, असं म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "आमची शाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. आधी ते जिने चढून बघते. छाती साथ देते का ते कळू दे. मग ठरवीन."

"चालेल," मावशी म्हणाली. "तोवर मी वाट बघीन."

आठवड्याने बाई घरी गेल्या. त्यांनी पुढे काय ठरवलं ते मावशीला कळलं नाही. त्यांचा फोन आला नाही, आणि मावशीने तो यावा अशी अपेक्षा ठेवली नाही. शाळा सुरू झाल्याचं मात्र तिने ऐकलं, आणि एकदा कामावरून येताना ती वाट वाकडी करून त्या शाळेसमोरून गेली. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या. आत कोण शिकवत होतं ते खालून दिसलं नाही.

साथ हळूहळू ओसरली. लाल पट्ट्या मात्र सगळ्या मजल्यांवर गेल्या. नव्याने घेतलेल्या सफाईच्या बायकांना शिकवायचं काम सिस्टरांनी मावशीवर टाकलं. ती त्यांना साबण, हायपो, वरून खाली, सगळं सांगायची, पण सुरुवात अकरा नंबरच्या बेडपासून करायची. माझं चुकलं ते असं, म्हणायची. तुमचंही चुकेल. चुकलं की तासाच्या आत येऊन सांगा, माझ्याकडे या, मध्यरात्र असली तरी या. तुम्हाला कुणी ओरडलं तर आधी मला ओरडावं लागेल.

एके दिवशी दुपारी शिकवणं संपलं, बायका उठून गेल्या, आणि एकजणच मागे राहिली. हडकुळी, चार दिवसांपूर्वीच लागलेली. हातमोजे काढत-घालत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मावशीने ओळखला.

"मावशी, ते... सकाळी सात नंबरला..." तिने दाराकडे बघितलं. "पट्टी बांधायची विसरले. आणि आता त्यावर पेशंट आहे."

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग तिने खुंटीवरचा गाऊन काढला आणि मास्कच्या दोऱ्या कानामागे ओढल्या.

"सिस्टरना फोन लाव. दुसरा बेड मोकळा करायला सांग," ती म्हणाली. "आणि बादली घे. चल."